यंत्राच्या हाती चिनी माती

पोर्सलीन म्हणजे वितळता वितळता थांबवलेला दगड. केओलीन ही पांढरी माती, फेल्डस्पार हे खनिज आणि गारगोटीची पूड एकत्र मळून घडवलेली वस्तू १३०० ते १४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की फेल्डस्पार वितळून त्याची काच होते. ही काच कणांमधल्या फटींत शिरते, मातीतून म्यूलाइटचे सुईसारखे स्फटिक वाढतात आणि सगळे मिळून एक पांढरा, टणक, पाणी न पिणारा पदार्थ तयार होतो. तो पातळ असेल तिथे त्यातून उजेड झिरपतो. आच कमी पडली तर वस्तू सच्छिद्र राहते, जास्त झाली तर स्वतःच्याच भाराने खाली बसते. या दोन चुकांमधली जागा फार अरुंद आहे. हजार वर्षांहून अधिक काळ पोर्सलीन घडवणाऱ्यांचे बरेचसे कसब त्या जागेत टिकून राहण्यातच खर्ची पडले.

गेल्या वीसेक वर्षांत या जुन्या कामात दोन नव्या गोष्टी शिरल्या आहेत. पहिली म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर हलणारा यांत्रिक हात. दुसरी म्हणजे चिनी मातीच्या कारखान्याने एरवी दाराबाहेरच ठेवले असते असे पदार्थ: कागदाचा लगदा, साखर, स्पंज, धातुशुद्धीतला गाळ, भाताच्या तुसाची राख. यंत्रमानवामुळे आकारावरचा ताबा वाढतो. नवे पदार्थ तोच ताबा सैल करायला भाग पाडतात. या उलटसुलट ओढीतून जे काम उभे राहत आहे त्याला प्रायोगिक पोर्सलीन म्हणता येईल. त्याची ओळख करून घेताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. यंत्राची सत्ता भट्टीच्या दारापर्यंतच चालते.

मराठीत ‘चिनी माती’ हा एकच शब्द पुष्कळ गोष्टींना पुरतो. लोणच्याची दुरंगी बरणी, चहाची कपबशी, न्हाणीघरातले बेसिन, विजेच्या खांबावरचे पांढरे इन्सुलेटर, सगळे व्यवहारात चिनी मातीचेच. शास्त्राच्या दृष्टीने मात्र बरणी स्टोनवेअर या जातीची: तिचे अंग जाड, मातीचा रंग मळकट, आणि उजेड तिच्यातून कधीच दिसत नाही. इथे ‘चिनी माती’ म्हणजे कच्चे केओलीन आणि ‘पोर्सलीन’ म्हणजे भाजून काचेसारखा झालेला पांढरा पदार्थ, असा भेद पाळला आहे. केओलीन हे नाव चीनमधल्या चिंगदेचेन या शहराजवळच्या काओलिंग डोंगरावरून आले. चिनी पोर्सलीनची सगळ्यात मोठी पेठ हीच.

पोर्सलीनच्या इतिहासात प्रयोग मागाहून आलेला नाही. युरोपला तर हा पदार्थ प्रयोगानेच मिळाला, आणि तोही विचित्र वस्तू भट्टीत घालून पाहिल्यामुळे. चीनहून जहाजांनी येणारी भांडी कशाची करतात हे युरोपीय कारागिरांना कळत नव्हते. उजेड आरपार जातो म्हणजे काच असणार, असा अंदाज बांधून फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयाने १५७५ च्या सुमारास मातीत काचेची पूड मिसळून नकला करण्यात आल्या. त्या सुंदर होत्या, पण भट्टीत वाकत. सॅक्सनीमध्ये चिर्नहाउस या शास्त्रज्ञाने मोठमोठ्या आरशांनी आणि भिंगांनी सूर्यकिरण एकवटून खनिजे वितळवून पाहिली. सोने करून दाखवण्याच्या आशेने राजाने कैदेत ठेवलेला तरुण किमयागार योहान फ्रीडरिश ब्यॉटगर त्याच्या हाताखाली काम करू लागला आणि १७०८ मध्ये त्यांना पांढरे पोर्सलीन साधले. त्यात काच वितळवण्याचे काम फेल्डस्पार करत नव्हते, ॲलाबास्टर म्हणजे एक प्रकारचा जिप्समचा दगड करत होता. १७१० मध्ये मायसेनचा कारखाना सुरू झाला. फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाने उलट दिशेने जाऊन पाहिले. त्याने काचेचीच भांडी वाळू आणि जिप्सममध्ये पुरून दीर्घकाळ तापवली आणि ती पांढरी, अपारदर्शक झाल्याचे १७३९ मध्ये प्रसिद्ध केले. ते पोर्सलीन नव्हते, पण काचेत मुद्दाम स्फटिक वाढवण्याची जी विद्या विसाव्या शतकात उद्योगाला आली, तिची ही पहिली पायरी होती.

इंग्लंडमध्ये याहूनही अनपेक्षित पदार्थ आला: हाडांची राख. लंडनजवळच्या बो इथल्या कारखान्याने १७४० च्या दशकात ती वापरली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये जोसाया स्पोड याने तिचे प्रमाण बसवले: साधारण निम्मी राख, पाव केओलीन, पाव कॉर्नवॉलचा फेल्डस्पारयुक्त दगड. हेच बोन चायना. हाडातले कॅल्शियम आणि फॉस्फरस यांमुळे पदार्थ कमी आचेवर पिकतो आणि विलक्षण पांढरा होतो. भारतातल्या अनेक शाकाहारी घरांत बोन चायनाचे कप वर्ज्य मानतात, आणि त्यामागे नावाचा नुसता गैरसमज नाही. निम्मे भांडे खरोखरच हाडाचे असते. कारखान्यात तयार केलेले कॅल्शियम फॉस्फेट वापरून हीच जात हाडांशिवायही घडवता येते. आज जे ‘अभिजात’ वाटते ते त्या काळी किती आडवाटेचे होते, हे यावरून दिसते.

यंत्रमानवाविषयी बोलताना आणखी एका जुन्या गोष्टीची आठवण ठेवणे न्याय्य ठरते. एका कुंभाराने एका चाकावर एक भांडे घडवावे, हे चित्र पोर्सलीनला लागू पडत नाही. सोंग यिंगशिंग या चिनी लेखकाने १६३७ मध्ये हस्तोद्योगांवर जो ग्रंथ लिहिला त्यात एक पेला पुरा व्हायला बहात्तर हातांतून जातो असे म्हटले आहे. चिंगदेचेनमध्ये राहिलेले फ्रेंच धर्मप्रसारक दांत्रकोल यांनी १७१२ च्या पत्रातही सत्तरेक माणसांचा हात एका भांड्याला लागतो असे कळवले. माती कांडणारा वेगळा, चाकावर चढवणारा वेगळा, तळ कातणारा वेगळा, निळी रेघ ओढणारा वेगळा आणि त्या रेघेत रंग भरणारा आणखी वेगळा. हस्तकला संपवायला यंत्र आले, ही तक्रार या उद्योगाच्या संदर्भात म्हणूनच अपुरी आहे. यंत्राचा हात फार तर त्र्याहत्तरावा. तो कोणाच्या जागी बसला आणि त्याला कोण शिकवतो, हे प्रश्न अधिक उपयोगाचे.

मातीने छापणाऱ्या यंत्राची रचना स्वयंपाकघरातल्या सोऱ्यावरून लगेच समजते. एका नळकांड्यात मळलेली माती भरतात. दाबलेली हवा किंवा दट्ट्या ती पुढे ढकलतो, टोकाशी एक छोटा मळसूत्री दांडा फिरत राहून ती मोजून सोडतो आणि साधारण एक ते आठ मिलिमीटर रुंदीच्या तोटीतून मातीची दोरी बाहेर पडते. तोटी ठरलेल्या वाटेने फिरते आणि थरावर थर चढत जातो. चकली पाडणाऱ्याला पिठाची भिजवण किती महत्त्वाची हे ठाऊक असते: पीठ घट्ट झाले तर चकली तुटते, सैल झाले तर काटा उभा राहत नाही. पोर्सलीनच्या लगद्याचेही तसेच, फक्त इथे खालचे थर वरच्या सगळ्या थरांचे ओझे ओलेपणीच पेलत असतात. पाणी एक-दोन टक्क्यांनी जास्त झाले तर फूटभर उंचीचे भांडे मध्येच पोट काढून बसते. लगद्यात हवेचा बुडबुडा राहिला तर तोटीपाशी तो फुटतो आणि भिंतीला भोक पडते.

चिनी माती या कामाला मुळात फारशी अनुकूल नाही. कुंभाराच्या तांबड्या मातीचे कण अगदी बारीक असतात, म्हणून ती ओढली की लांबते. केओलीनचे कण त्या मानाने मोठे, आणि पत्त्यांच्या पानांसारखे चपटे. त्यामुळे पोर्सलीनचा लगदा हातात ‘तुटका’ लागतो. त्यात बेंटोनाइट ही चिकट माती थोडी घालून चिकटपणा आणावा लागतो. शिवाय तोटीतून जाताना ही चपटी पाने प्रवाहाच्या दिशेने निजतात. चिनी मातीला आठवण असते, असे कारागीर म्हणतात ते यामुळेच. वाकलेला कान हाताने सरळ केला तरी भट्टीत तो पुन्हा वाकतो. चाकावर ओढलेली किटलीची चोच भाजताना थोडी पिळवटते. यंत्राने गोल गोल फिरवत छापलेल्या भांड्याच्या मातीतही फिरण्याची ती दिशा राहते. यंत्राने केलेली प्रत्येक हालचाल माती साठवून ठेवते आणि भट्टीत परत करते.

आणखी एक अडचण सुरुवातीला क्षुल्लक वाटते, पण तिने या कलेचे रूपच ठरवले आहे. प्लास्टिक छापणारे यंत्र तोटी क्षणात बंद करून दुसरीकडे जाऊ शकते. दाबाखालची माती तशी थांबत नाही, आज्ञा संपल्यावरही थोडी ओघळत राहते. म्हणून मातीची बहुतेक भांडी एका अखंड रेघेत, तळापासून काठापर्यंत चढणाऱ्या नागमोडी किंवा गोल वाटेने छापली जातात. भिंत फार बाहेर झुकली तर कोसळते, त्यामुळे उताराला मर्यादा येते. प्रदर्शनांतून दिसणारी मातीची छापील भांडी एकमेकांच्या नात्यातली वाटतात, त्याचे कारण कलावंतांच्या आवडीत शोधण्यापेक्षा या ओघळत्या तोटीत शोधावे.

या मर्यादेशी झगडताना जे काम झाले ते या क्षेत्रातले सगळ्यात वाचनीय प्रकरण आहे. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या अनफोल्ड या स्टुडिओने, म्हणजे क्लेअर वार्निये आणि ड्रीस फरब्रुखन यांनी, २०१० मध्ये ‘लार्तिझां एलेक्त्रोनिक’ हे काम मांडले. पडद्यावर एक दंडगोल फिरत असे. प्रेक्षक लेझरच्या झोतात हवेतच हात फिरवून त्याला आकार देत आणि शेजारचे यंत्र तो आकार मातीत छापून काढी. कुंभाराचे चाक तिथे होते, ओली माती मात्र बोटांना लागत नव्हती. हॉलंडमधल्या आइंडहोवेनच्या ऑलिव्हर व्हान हेर्प्ट याने सैल मातीचा नाद सोडला. माती पाणी घालून पातळ करायची आणि मग ती कोसळते म्हणून हळहळायचे, यापेक्षा घट्ट माती ढकलू शकेल असा दणकट दट्ट्याच त्याने बनवला, आणि मोठी भांडी उभी राहू लागली. पुढे रिकी व्हान ब्रूखोवेन या ध्वनिकाराबरोबर त्याने भांडे ज्यावर छापले जाते त्या पाटाखाली ध्वनिक्षेपक बसवला. छपाई चालू असताना खर्जातला नाद सोडला की पाट थरथरतो आणि प्रत्येक थर केसभर सरकतो. त्या सरकण्यातून भिंतीवर विणलेल्या कापडासारखी नक्षी उमटते. एरवी यंत्रातला कंप हा दोष. इथे तो हत्यार झाला.

अमेरिकेत रोनाल्ड रेल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेल्लो यांनी ओघळण्यालाच कामाला लावले. यंत्राला वाट सांगणाऱ्या आज्ञांच्या भाषेला जी-कोड म्हणतात. त्यांनी त्या आज्ञा अशा लिहिल्या की तोटी मधूनमधून भिंतीच्या बाहेर जाते, तिथे आधाराशिवाय मातीची दोरी सोडते आणि परत येते. दोरी स्वतःच्या वजनाने लोंबून फास होतो. भांडे लोकरीने विणल्यासारखे दिसते, आणि पोर्सलीनचे फास तांबड्या मातीच्या फासांपेक्षा वेगळे पडतात. आकार रेखाटलेल्या फाइलमध्ये हे फास नसतातच. गुरुत्वाकर्षण आणि मातीचा घट्टपणा मिळून ते घडवतात. इंग्लंडमधल्या सफोकचा कुंभार जोनाथन कीप याने आपल्या छपाई यंत्राची रचना सर्वांसाठी खुली केली, त्यामुळे थोडक्या भांडवलात जगभरच्या कार्यशाळांत अशी यंत्रे तयार झाली. या यादीत डॅनियल द ब्रुइन या डच डिझाइनरचे नाव हवेच. त्याचे यंत्र विजेशिवाय चालते: खाली येणारे वजन त्याला गती देते आणि वाकवलेली तार आकार ठरवते. संगणकाने छापलेल्या वस्तूत आपले काही उरले नाही ही त्याची खंत होती. स्वतः उचललेल्या वजनावर चालणारे यंत्र हे तिचे उत्तर, आणि ते प्रामाणिक उत्तर आहे.

वर सांगितलेली बरीच यंत्रे काटेकोर अर्थाने छपाई यंत्रे आहेत, म्हणजे तोटी तीन दिशांना सरकते पण नेहमी खालीच पाहते. औद्योगिक यंत्रमानवाला सहा सांधे असतात. १९६१ मध्ये न्यू जर्सीतल्या मोटार कारखान्यात युनिमेट हा पहिला यंत्रमानव तापलेल्या ओतीव भागांची उचलठेव करू लागला. चिनी मातीच्या उद्योगात ही जात शिरली ती बरीचशी झिलई फवारण्यासाठी. बेसिनसारख्या वेड्यावाकड्या आकारावर झिलईचा सारखा थर चढवणे माणसाला कष्टाचे आणि फुप्फुसांना घातक, कारण हवेत तरंगणारी गारगोटीची धूळ सिलिकोसिसला कारण होते. प्रयोगशाळांनी या हाताला आणखी कामे दिली: तोटी तिरपी धरून वळणदार पृष्ठावर माती टाकणे, ताणलेल्या तारेने मातीचा ठोकळा कापणे, ओतकामासाठी प्लॅस्टरचे साचे कोरणे. हार्वर्डमध्ये मार्टिन बेख्टोल्ड यांच्या गटाने इमारतींसाठी लागणाऱ्या भाजक्या भागांवर असे काम केले. रॉटरडॅमच्या स्टुडिओ रॅपने डेल्फ्ट शहरात निळ्या झिलईच्या छापील फरशांनी मढवलेल्या कमानी उभारल्या. डेल्फ्टची प्रसिद्ध निळी भांडी मुळात पोर्सलीन नव्हतीच, कथिलाची पांढरी झिलई दिलेली साधी माती होती. चिनी निळाईची ती नक्कल. त्या नकलेची आठवण आता यांत्रिक हाताने जागवावी, ही या इतिहासाला साजेशी गोष्ट आहे.

दोरीऐवजी भुकटीपासूनही वस्तू छापता येते. भुकटीचा पातळ थर पसरायचा, हव्या त्या ठिकाणी द्रव टाकून तो बांधायचा, त्यावर पुढचा थर पसरायचा. अशा भुकट्या महाग असत. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्क गँटर यांच्या प्रयोगशाळेने कलाकारांना मिळणारी साधी मातीची पूड, साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन यांच्या मिश्रणाची कृती उघड करून टाकली. साखर ओली होऊन कण चिकटवते आणि भट्टीत जळून जाते. ब्रिस्टलच्या वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठात स्टीफन हॉस्किन्स आणि डेव्हिड ह्यूसन यांनी याच वाटेवर फार जुना पदार्थ शोधून आणला: इजिप्शियन फायन्स. पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या निळ्या मण्यांचा हा पदार्थ गारगोटीची पूड, सोडा आणि चुना यांचा. वाळताना त्यातले क्षार पाण्याबरोबर पृष्ठावर येतात आणि भाजल्यावर त्यांचीच झिलई होते, म्हणजे झिलई वेगळी लावावी लागत नाही. जयपूरची निळी भांडी या पदार्थाची नातलग म्हणावी लागतील. तीही गारगोटी, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक यांची असतात, आणि मातीचा अंश कमी म्हणून चाकावर घडत नाहीत, साच्यात थापावी लागतात. हाताला नकोसा वाटणारा हा तुटकेपणा भुकटी छापणाऱ्या यंत्राच्या आड येत नाही.

इथून विषय आपोआप पदार्थांकडे वळतो. परके पदार्थ पोर्सलीनमध्ये तीन प्रकारे वागतात, आणि हे वागणे ओळखले की कृतींचा गोंधळ बराच निवळतो.

काही पदार्थ जळून जाण्यासाठीच येतात. एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या नर्तिकांच्या मूर्तींवर दिसणारी जाळीची वस्त्रे म्हणजे खरीखुरी लेस असे. ती पातळ पोर्सलीनच्या राबड्यात बुडवून मूर्तीला नेसवत; भट्टीत सूत जळे आणि सुताच्या आकाराची पोकळ पोर्सलीन जाळी उरे. मार्सेल वांडर्स या डिझाइनरने १९९७ मध्ये समुद्री स्पंज तसाच राबड्यात बुडवून फुलदाणी केली. ओतीव धातू गाळण्यासाठी लागणाऱ्या सिरॅमिक जाळ्याही स्पंजाला लेप देऊन आणि मग तो जाळून करतात. कागदाचा लगदा मिसळलेल्या पोर्सलीनचे वैशिष्ट्य भाजण्याआधीचे आहे. तंतूंमुळे कच्ची वस्तू इतकी बळकट होते की सुकलेल्या तुकड्याला ओला तुकडा जोडता येतो. एरवी मातीकामात हे पाप समजले जाते. जळणाऱ्या सर्व पदार्थांना एकच नियम लागू होतो: वायूला बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. पृष्ठभाग काचेने बंद होण्याआधी कार्बन गेला नाही तर भांडे आतून काळे पडते किंवा फुगते.

दुसऱ्या जातीचे पदार्थ राहतात आणि वितळण्यात भाग घेतात. हाडांची राख त्यांत मुख्य. अमेरिकन कुंभार ग्रेग मूर याने न्यू यॉर्क राज्यातल्या ब्लू हिल अॅट स्टोन बार्न्स या उपाहारगृहासाठी, तिथेच रस्सा काढून उरलेल्या, चरून वाढलेल्या गाईंच्या हाडांपासून ताटल्या घडवल्या. जेवण आणि ताट एकाच जनावराचे, ही कल्पना अनेकांना अस्वस्थ करील. पण स्पोडच्या कृतीत जे झाकलेले होते ते तिने उघडे केले. वाया गेलेली काच घातली तर आच कमी पुरते, मात्र वस्तू पटकन वाकते. भाताच्या तुसाच्या राखेत सिलिका भरपूर असते आणि ती स्फटिकरूप नसल्याने गारगोटीपेक्षा लवकर विरघळते. भारतीय संशोधकांनी पांढऱ्या भांड्यांच्या मिश्रणात गारगोटीऐवजी ती वापरून पाहिली आहे. गारगोटी ५७३ अंशांना एकदम आकार बदलते आणि थंड होताना भांड्याला बारीक तडा देऊ शकते. राख वापरल्याने तो धोका घटतो. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातगिरण्यांच्या पट्ट्यात या राखेला तोटा नाही.

तिसरे पदार्थ येतात रंग आणि आपली हकिकत घेऊन. आग्ने कुचेरेनकाइते या लिथुएनियन डिझाइनरने पाणी शुद्ध करताना आणि जस्त काढताना उरणारे धातुयुक्त गाळ पोर्सलीनच्या रंगासाठी व झिलईसाठी वापरले. लोहामुळे तपकिरी, आणि प्राणवायू कमी असलेल्या आचेत त्याच लोहामुळे हिरवट-निळा. गाळ कुठून आला हे बशीच्या रंगात उतरते. बॉक्साइटपासून एक टन अल्युमिना काढताना एक ते दीड टन लाल चिखल उरतो. कोल्हापूरच्या पठारांवरचे बॉक्साइट ज्या बेळगावच्या कारखान्याकडे जाई तिथेही तो आहेच. लंडनच्या थसदॅट या स्टुडिओने त्याची भांडी केली. लोहाच्या भरपूर प्रमाणामुळे त्याचे पोर्सलीन होऊ शकत नाही, पण गर्द रंगाचे घट्ट अंग होते. सगळ्यात कठोर उदाहरण २०१५ चे. अननोन फील्ड्स या गटाने चीनच्या इनर मंगोलियातल्या बाओतोउ इथल्या, दुर्मीळ मृदा धातूंच्या शुद्धीतून साचलेल्या विषारी तळ्यातला किरणोत्सारी चिखल आणून मिंग घाटाच्या तीन फुलदाण्या केल्या. त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडल्या गेल्या. एक स्मार्टफोन, एक लॅपटॉप आणि मोटारीच्या बॅटरीचा एक सेल बनवताना जेवढा चिखल उरतो तेवढाच अनुक्रमे एकेकीत. त्यांत पाणी भरायचे नाही, फुले ठेवायची नाहीत. पोर्सलीन जिथून जगभर गेले त्या देशाच्या अभिजात आकारात आजच्या निर्यातीचा गाळ भरलेला आहे, आणि या कामाची सारी ताकद त्या आकाराच्या निवडीत आहे.

अशा वस्तू पाहण्यासाठी असतील तर प्रश्न नाही. खाण्यापिण्यासाठी असतील तर झिलईतून काही झिरपते का हे तपासावे लागते. नेहमीच्या चाचणीत भांड्यात चार टक्के ॲसेटिक आम्ल चोवीस तास ठेवतात आणि त्यात उतरलेले शिसे व कॅडमियम मोजतात. टाकाऊ पदार्थांच्या बाबतीत एकदा चाचणी करून भागत नाही, कारण आजच्या गाळाची घडण आणि पुढच्या महिन्यातल्या गाळाची घडण एक नसते. खनिज बाजारातून घेतले तर पोत्यावर त्याचे रासायनिक प्रमाण छापलेले मिळते. राख आणि गाळ यांचे प्रमाण वापरणाऱ्यालाच काढावे लागते.

शेवटी भट्टी. औद्योगिक यंत्रमानव आपल्या जागी परत येताना मिलिमीटरच्या दहाव्या भागाचीही चूक करत नाही. त्याने छापलेले तीस सेंटिमीटर उंचीचे पोर्सलीन भांडे वाळून आणि भाजून जवळजवळ चार सेंटिमीटरने लहान होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की यंत्राच्या अचूकपणाची किंमत कळते. म्हणून काहींनी भट्टीची ही ओढ मान्य करून टाकली. हेला योंगेरियस या डिझाइनरने १९९७ मध्ये मॅकमच्या रॉयल टिकेलार या कारखान्यासाठी ‘बी-सेट’ हा संच मुद्दाम जास्त आचेत भाजला, त्यामुळे एकाच साच्यातली प्रत्येक ताटली आपापल्या परीने वाकली. इतर जण तिचा हिशेब मांडतात: भट्टीत काठ आत झुकतो तेवढा फाइलमध्ये आधीच बाहेर काढतात, भाजलेली वस्तू मोजून फाइल पुन्हा दुरुस्त करतात.

फाइल दूरच्या शहरात क्षणात पाठवता येते, माती पाठवता येत नाही. त्याच आज्ञा दुसऱ्या लगद्यात वेगळे भांडे घडवतात. त्यामुळे नवी माती किंवा नवी राख कार्यशाळेत आली की पहिले काम पट्टीचे. लगद्याची पट्टी छापायची, ओली असतानाच तिच्यावर दहा सेंटिमीटर अंतराने दोन खुणा कोरायच्या, नेहमीच्या आचेला भाजायची आणि खुणांमधले अंतर मोजायचे. ते ८.७ सेंटिमीटर भरले तर फाइल सुमारे पंधरा टक्क्यांनी मोठी करावी लागते. थरांच्या दिशेतले आणि थरांना काटकोनातले आकसणे सारखे नसते, म्हणून आडव्या पट्टीबरोबर एक उभी पट्टीही त्याच भट्टीत ठेवतात, आणि दोन्ही आकडे राखेच्या पोत्यावरच्या तारखेसह वहीत नोंदवतात.